जरा अवघड वाटतंय

गेल्या वर्षी आमच्या टीमचे दोन अख्खे वीकेंड एका क्रियापदाने खाल्ले. सर्व्हर पडला नव्हता, कुणी प्रॉडक्शनचा डेटाबेस उडवला नव्हता. एका सभ्य माणसाने आम्हाला 'नाही' सांगितलं होतं आणि आम्ही सात जणांनी मिळून ते 'प्रयत्न करून बघा' असं ऐकलं होतं.

त्याचं झालं असं. आमचा क्लायंट कोरियन. तिकडून जे आमच्याशी बोलायचे त्यांना सगळे 'ग्वाजांगनिम' म्हणायचे. हे नाव नव्हे, हुद्दा. ग्वाजांग म्हणजे साधारण मॅनेजर आणि 'निम' म्हणजे आपलं 'साहेब'. आम्ही त्यांना विचारलं, जुना फाईल फॉरमॅट सोडून नवीन घेतला तर चालेल का? आमचं महिनाभराचं काम वाचणार होतं. ग्वाजांगनिम थोडं थांबले, दातांतून हवा आत ओढल्यासारखा आवाज केला आणि एक छोटंसं वाक्य बोलले. दुभाषी मुलीने त्याचं इंग्रजी केलं, 'इट सीम्स इट विल बी अ लिटल डिफिकल्ट.'

अ लिटल डिफिकल्ट! इंजिनिअर माणसाला यापेक्षा मोठं आमंत्रण कुठलं? 'डिफिकल्ट' म्हणजे 'इम्पॉसिबल' नव्हे. त्यात 'लिटल'. त्यात पुन्हा 'सीम्स', म्हणजे साहेबांची स्वतःची पण खात्री नाहीये. मग करून दाखवू की! शनिवार-रविवार, पुन्हा शनिवार-रविवार, पिझ्झे, गार झालेला चहा, आणि सोमवारी डेमो. डेमो झक्कास झाला. पलीकडे शांतता. मग ती दुभाषी मुलगी चाचरत म्हणाली, "पण सरांनी तर तेव्हाच नको म्हणून सांगितलं होतं ना..."

त्या दिवशी ठरवलं, ही भाषा शिकायची. (के-ड्रामासाठी शिकतोय अशी अफवा माझ्या बहिणीने पसरवली आहे. ती साफ खोटी आहे. म्हणजे, बऱ्यापैकी खोटी आहे.)

आता वर्ष होत आलं. दर शनिवारी सकाळी क्लास असतो, आमच्या बाई मूळच्या बुसानच्या. ग्वाजांगनिमचं ते वाक्य आता मला तोंडपाठ आहे. 'चोम ऑर्यॉउल कॉत काथायो.' (कोरियन उच्चार देवनागरीत बसवताना थोडी ओढाताण होते, जाणकारांनी सांभाळून घ्यावं.) 'चोम' म्हणजे जरा, 'ऑर्यॉउल' म्हणजे अवघड असणारी, 'कॉत' म्हणजे गोष्ट. आणि 'काथायो' हा आजच्या लेखाचा हिरो.

काथायोचं मूळ रूप 'कात्ता'. अर्थ अगदी साधा, 'सारखं असणं'. 'छिन्गु' म्हणजे मित्र, 'छिन्गु कात्ता' म्हणजे मित्रासारखा आहे. आता हाच शब्द एका आख्ख्या वाक्यामागे लावला की ते तुमचं मत होतं. पावसाचं उदाहरण घेऊ, कारण सगळ्या भाषांच्या क्लासमध्ये पाऊसच पडत असतो.

पिगा ओन गॉत काथायो: पाऊस येऊन गेल्यासारखं वाटतंय.
पिगा ओनन गॉत काथायो: पाऊस येत असल्यासारखं वाटतंय.
पिगा ओल कॉत काथायो: पाऊस येईलसं वाटतंय.

नीट बघा, 'काथायो' तिन्हीकडे तसाच आहे. काळ बदलतो तो त्याच्या आधीच्या रूपात. आणि मराठी भाषांतर बघा. गेल्यासारखं, असल्यासारखं! त्यांनी 'सारखं' या शब्दाचा जो उपयोग केलाय, तोच आपण शेकडो वर्षं करतोय. (आपल्याकडे 'सारखं' म्हणजे 'सतत' पण होतं. कोरियन लोक काथायो सारखं म्हणतात, हाही योगायोगच.)

इथे माझी ट्यूब पेटली. हेच वाक्य माझ्या साताऱ्याच्या काकांनी उच्चारलं असतं तर? "काका, येत्या रविवारी तुमची गाडी मिळेल का?" "अं... जरा अवघड वाटतंय रे." यावर मी 'जरा म्हणजे नेमकं किती टक्के?' असं विचारलं असतं का? मी गुपचूप एसटीचं वेळापत्रक बघायला लागलो असतो. 'जमेलसं वाटत नाही', 'बघू', 'जरा अवघड वाटतंय' ही मराठीतली 'नाही'ची बाराखडी आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून येते. ग्वाजांगनिम माझ्या काकांच्याच भाषेत बोलले होते. मधे इंग्रजीचा पूल होता, त्या पुलावरून शब्द नीट चालत आले आणि 'नाही' तेवढा पलीकडे राहिला. सातापैकी पाच मराठी माणसं बसली होती हो त्या कॉलवर! कुणाच्या डोक्यात आलं नाही की हे एकदा मनातल्या मनात मराठीत म्हणून बघावं.

पण मला आज सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. कोरियन भाषा मतं आणि अंदाज कसे व्यक्त करते हे जसजसं कळत गेलं, तसतसं मला वाटायला लागलं की आपण ज्याला 'गुळमुळीत बोलणं' म्हणतो ते बऱ्याचदा गुळमुळीत नसतंच. तो हिशोब असतो. मला हे कुठून कळलं, याचा हिशोब.

काथायोचा एक भाऊ आहे, 'ब्वायो'. मूळ क्रियापद 'बोदा', म्हणजे बघणे. 'पिगा ओना ब्वायो' याचाही अर्थ पाऊस येतोय असं दिसतंय असाच. मग फरक काय? बाईंनी एक उदाहरण दिलं. एका हॉटेलाबाहेर ही भली मोठी रांग आहे. तुम्ही आत गेलेला नाही, काही खाल्लेलं नाही. रांग बघून तुम्ही म्हणू शकता, 'माशिन्ना ब्वायो', इथलं चविष्ट असतं वाटतं. आता तुम्ही आत जाऊन जेवलात. बाहेर आल्यावर 'माशिन्ना ब्वायो' म्हणालात तर ते चूक! कारण आता तुम्ही पुराव्यावरून तर्क करत नाही आहात, तुमच्या जिभेलाच माहीत आहे. जेवल्यावर काथायो चालेल, 'मला तरी चांगलं वाटलं बुवा' या अर्थाने. ब्वायो नाही चालणार.

वर्गातल्या एका मुलीने लगेच विचारलं, हे लक्षात कसं ठेवायचं? मला मात्र लक्षात ठेवावंच लागलं नाही, कारण मराठीत हे आहे. वाक्याच्या शेवटी येणारं आपलं 'वाटतं' बघा. रस्ता ओला दिसला की आपण म्हणतो, 'पाऊस आला वाटतं.' कुणाच्या मिशीला ताक लागलेलं दिसलं की 'जेवण झालं वाटतं?' पण स्वतःबद्दल 'मी जेवलो वाटतं' असं आपण म्हणत नाही. (म्हणालात तर घरचे डॉक्टरकडे नेतील.) हे 'मला वाटतं'पेक्षा वेगळं 'वाटतं' आहे. ते मत नाही, तो पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. आपण हा फरक रोज पाळतो आणि आपल्याला तो माहीतच नसतो. मी तरी तो बुसानच्या बाईंकडून शिकलो.

आता तुमच्यातले वाचनवाले म्हणतील, अरे पण या मवाळ बोलण्यापायी विमानं पडली आहेत! माल्कम ग्लॅडवेलचं 'आउटलायर्स' (२००८) आपल्या फिल्डमध्ये निम्म्या लोकांनी वाचलंय आणि उरलेल्यांनी वाचल्याचं सांगितलंय. त्यात कोरियन एअरच्या फ्लाईट ८०१ वर अख्खं प्रकरण रंगवलंय. ६ ऑगस्ट १९९७ ला हे विमान गुआमला उतरताना टेकडीवर आदळलं, २५४ पैकी २२८ माणसं गेली. ग्लॅडवेलचं म्हणणं थोडक्यात असं, की हाताखालच्या लोकांनी कॅप्टनला धोका सरळ सांगितला नाही, आडून सुचवला, आणि त्यामागे वरिष्ठांपुढे दबून बोलण्याची संस्कृती होती.

पुस्तक वाचलं तेव्हा मी मान डोलावली होती. आता मला ते इतकं सोपं वाटत नाही. अमेरिकन तपास यंत्रणेच्या अहवालात कॅप्टनची चूक आहे, सहकाऱ्यांनी त्याला वेळेत अडवलं नाही हेही आहे. पण कॅप्टनचा थकवा आहे, कंपनीचं अपुरं ट्रेनिंग आहे, आणि विमान जमिनीच्या फार जवळ आलं की इशारा देणारी गुआमची जमिनीवरची यंत्रणा अमेरिकेच्याच विमान खात्याने जाणूनबुजून मर्यादित करून ठेवली होती, हेही आहे. वरिष्ठाला अडवायची भीती खरी असेल, नाही कोण म्हणतो? पण ती भीती क्रियापदाच्या शेपटीत राहत नाही. आपल्याकडे भाषा बऱ्यापैकी रोखठोक आहे, तरी मॅनेजरने 'कुणाला काही शंका?' विचारल्यावर मीटिंगमध्ये केवढी शांतता पसरते ते आठवा. गप्प बसायला व्याकरण लागत नाही.

आणि मवाळ म्हणजे अस्पष्ट नव्हे. ग्वाजांगनिमच्या शेजारी बसलेल्या कोरियन माणसाला ते 'नाही' लख्ख ऐकू आलं होतं. आम्हाला आलं नाही, तर दोष कुणाचा?

आता जे सांगणार आहे ते सांगायला जरा जड जातंय.

माझ्या हाताखाली पहिल्यांदाच दोन ज्युनिअर्स आले होते. त्यातला एक लातूरकडचा. हुशार, पण स्टँडअपमध्ये अक्षरशः दोन शब्द बोलायचा. दोन टास्क उशिरा दिले. कॅमेरा कायम बंद. वर्षअखेरीस अप्रेझलचा फॉर्म भरताना मी त्याच्याबद्दल लिहिलं, 'कामात रस नाही.' तीन शब्द. इंग्रजीत लिहिले, म्हणून तर ते आणखी भारदस्त दिसत होते. फॉर्म वर गेला, रेटिंग ठरलं, पगारवाढ त्यानुसार झाली. नंतर वन-ऑन-वनमध्ये त्याने तो शेरा वाचला आणि मला विचारलं, "दादा, तुम्हाला कसं कळलं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता तो.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग हळूहळू बाहेर आलं ते असं, की त्याला इंग्रजीत बोलायची धास्ती होती. स्टँडअपच्या आदल्या रात्री तो वाक्यं पाठ करायचा आणि सकाळी त्याची पाळी येईपर्यंत ती विसरायचा. ते दोन टास्क उशिरा झाले कारण अडल्यावर चारचौघांत विचारायची हिंमत होत नव्हती. रस होता. रसाचं सोडा, तो माणूस रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कोड वाचत बसत होता. हे सगळं त्याने मला मराठीत सांगितलं आणि मी सगळं वर्षभर त्याच्याशी इंग्रजीत बोललो होतो.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी क्लासमध्ये एक नवीन धडा आला. कोरियनमध्ये 'छुवॉयो' म्हणजे थंडी वाजतेय. हे मी माझ्याबद्दल म्हणू शकतो. तुम्हाला 'थंडी वाजतेय का?' असं विचारूही शकतो. पण तिसऱ्या माणसाबद्दल 'त्याला थंडी वाजतेय' असं नुसतं 'छुवॉयो' म्हणून ठोकून देता येत नाही. तिथे 'छुवॉहेयो' म्हणायचं. त्यात शेवटी 'करणे' हे क्रियापद येऊन चिकटतं. म्हणजे तो कुडकुडतोय, हात चोळतोय, थंडी त्याच्या वागण्यातून दिसतेय. 'सल्फॉयो' म्हणजे मी दुःखी आहे. तो दुःखी असेल तर 'सल्फॉहेयो', दुःखी असल्याचं त्याच्याकडे बघून कळतंय. नाहीतर मग काथायो किंवा ब्वायो लावा, म्हणजे हा माझा अंदाज आहे हे उघड होतं. काहीही करा, पण दुसऱ्याच्या मनात शिरून तिथली बातमी स्वतः बघितल्यासारखी देऊ नका.

बाईंनी जाता जाता एक अपवाद सांगितला. कथा-कादंबरीत मात्र निवेदक 'तो दुःखी होता' असं सरळ लिहू शकतो, कारण पात्रांच्या मनात काय चाललंय ते त्याला माहीतच असतं.

मी वही मिटून बसलो. फॉर्म भरताना मी नेमकं तेच केलं होतं की! कादंबरीचा निवेदक झालो होतो. माझ्याकडे बघितलेल्या गोष्टी तीन होत्या. बोलत नाही, दोन टास्क उशिरा, कॅमेरा बंद. तेवढंच लिहिलं असतं तर वरच्या कुणीतरी विचारलं असतं, का बरं? निदान मी तरी स्वतःला विचारलं असतं. 'रस नाही' लिहिल्यावर विचारायला काही उरतच नाही.

मराठीत हा नियम नाही. 'त्याला कंटाळा आलाय', 'तिला गर्व झालाय', 'त्यांना आपलं यश बघवत नाही' असं आपण बिनदिक्कत बोलतो आणि व्याकरणाच्या कुठल्याही बाई लाल पेनाने रेघ मारत नाहीत. आता कोरियन माणूस एकमेकांबद्दल गैरसमज करून घेत नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. भाषेने माणसं सुधारत असती तर संस्कृत शिकलेला वर्गातला प्रत्येक जण संत झाला असता. पण वाक्य संपवताना 'हे तुला कसं कळलं?' असा एक टोलनाका लागत असेल, तर गाडी निदान हळू तरी होते.

बरं, याची दुसरी बाजूही आहे, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कोरियन झाला. काथायोचा अतिरेक होतो आणि त्यावर खुद्द कोरियातच कुरकुर चालते. सामना जिंकलेल्या खेळाडूला विचारलं, कसं वाटतंय? की तो म्हणतो 'किबुनी चोउन गॉत काथायो'. म्हणजे 'मला आनंद झाल्यासारखं वाटतंय'. अरे बाबा, आनंद तुझा, तूच अंदाज काय करतोस? भाषेबद्दल काटेकोर असलेली मंडळी यावर वैतागतात आणि माझं मत त्यांच्या बाजूने आहे. टोपिक नावाची कोरियनची परीक्षा असते, तिच्या वरच्या पातळीत ६०० ते ७०० अक्षरांचा एक मतप्रदर्शनाचा निबंध लिहावा लागतो. तिथे बाई आम्हाला काथायो लिहू देत नाहीत. तिथे 'सेंगगाखान्दा', मी असा विचार करतो, असं खणखणीत लिहायचं. मत तुझं आहे ना, मग त्याच्याखाली सही कर.

म्हणजे नियम असा झाला. जे माझं आहे, माझी भावना, माझा निर्णय, माझी चूक, तिथे सारवासारव नको. जे दुसऱ्याच्या मनातलं आहे किंवा मी फक्त खुणांवरून ओळखलंय, तिथे अंदाजाचं क्रियापद हवंच. आपण ऑफिसात बरोबर उलटं करतो. स्वतःच्या कामाबद्दल 'बग फिक्स झाल्यासारखा वाटतोय' (टेस्ट केलास का? नाही.) आणि दुसऱ्याबद्दल 'तो सिरिअस नाहीये' (कसं कळलं? बस्स, कळलं.).

मी स्वतःपुरतं सुरू केलंय. स्टेटस मेलमध्ये आता तीन प्रकार असतात: तपासलंय, लॉग बघून वाटतंय, आणि अजून बघितलेलं नाही. पहिल्या आठवड्यात मॅनेजरने विचारलं, सगळं ठीक आहे ना? तो लातूरचा मुलगा आता स्टँडअपच्या आधी मला दोन ओळी लिहून पाठवतो, मराठीत, आणि अडलं तर सरळ फोन करतो. त्याचं गेलेलं रेटिंग मात्र मला परत मिळवून देता आलं नाही. वर जाऊन विचारलं मी. सायकल बंद झालीये म्हणाले. पुढच्या फॉर्ममध्ये काय लिहायचं ते आत्तापासून टिपून ठेवतोय, फक्त बघितलेलं.

आणि हो, गेल्या महिन्यात आम्ही ग्वाजांगनिमना पुन्हा एक सूचना केली. या वेळी दुभाषी मुलीने तोंड उघडायच्या आत मला वाक्य कळलं. 'सेंगगाखे बोल्केयो.' सेंगगाखे म्हणजे विचार करून, बोल्केयो म्हणजे बघतो. विचार करून बघतो! आपल्या 'करून बघणे', 'खाऊन बघणे'मधलं हे 'बघणे' त्यांच्याकडे जसंच्या तसं आहे. ती बिचारी इंग्रजीत 'ही विल थिंक अबाउट इट' म्हणाली आणि टीममधल्या दोघांचे डोळे चमकले. मी कॉल म्यूट केला आणि म्हटलं, गड्यांनो, काका 'बघू' म्हणालेत.

तो वीकेंड आम्ही सगळ्यांनी घरी झोपून काढला.